सामाईक भिंत

शारी लपेना या टोरोंटोच्या लेखिकेची ‘द कपल नेक्स्ट डोअर’ ही कादंबरी २०१६ साली आली. लेखनाकडे वळण्याआधी या बाईंनी वकिली केली आणि इंग्रजी शिकवलं. कादंबरी घडते न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातल्या एका शहरात, एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांच्या ओळीत. शेजारच्या घरी वाढदिवसाचं जेवण असतं. लहान मुलं आणू नका, असं यजमानीणबाईंनी बजावलेलं असतं. बाळाला सांभाळायला येणारी मुलगी आयत्या वेळी येऊ शकत नाही. मग अ‍ॅन आणि मार्को ठरवतात की बाळ झोपलंच आहे, जायचंय ते भिंतीपलीकडे, बेबी मॉनिटर बरोबर घेऊ आणि दर अर्ध्या तासानं आळीपाळीनं येऊन बघू. मध्यरात्र उलटल्यावर दोघं घरी येतात तर पुढचं दार किलकिलं उघडं असतं आणि सहा महिन्यांची कोरा पाळण्यात नसते.

पहिल्यांदा वाचताना बाळ सापडतं की नाही या काळजीनं मी पानं उलटत गेले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा शेवट ठाऊक होता, त्यामुळे सगळं लक्ष माणसांच्या बोलण्याकडे राहिलं आणि तेव्हाच ही कादंबरी मला खऱ्या अर्थानं कळली. पहिल्या रात्री पोलीस घरात शिरल्यापासून यातलं जवळपास प्रत्येक मोठं माणूस काही ना काही लपवतं. बाळंतपणानंतर आलेल्या नैराश्यावर अ‍ॅनची औषधं चालू आहेत, त्यात ती त्या रात्री वाइन प्यायली आहे. हे बाहेर पडलं तर सगळे तिलाच बोल लावतील, ही तिची भीती. बाळाच्या अंगावर अमुक कपडे होते असं ती सांगते आणि पुढे तेच कपडे घरात सापडतात. मार्कोचा धंदा बुडत चाललाय, श्रीमंत सासऱ्यांपुढे मान खाली घालायची वेळ आली आहे. शेजारीणबाईंचं त्या संध्याकाळचं वागणंही सरळ नव्हतं. शेवट मी सांगणार नाही, पण एवढं सांगितल्यानं वाचणाऱ्याचं नुकसान होणार नाही: त्या रात्रीचं खरं काय ते ज्याच्या आधारे कळलं असतं, अशी एक गोष्ट शेजारच्या घरातच असते. ती पोलिसांच्या हाती द्यायची तर स्वतःच्या घरातलंही उघडं पडणार, म्हणून ती आतच राहते.

अशा कादंबऱ्या आता ढिगानं निघतात आणि त्यातल्या बऱ्याच विसरण्यासारख्या असतात. शेवटच्या पन्नास पानांत तीन-तीन कलाटण्या, प्रत्येक पात्र कधी ना कधी संशयित, हा साचा मलाही ओळखता येतो. तरी या प्रकाराकडे मी परत परत जाते, कारण एक गोष्ट ती लेखकमंडळी फार नेमकी पकडतात. मूल हरवल्यावर आजूबाजूची माणसं जे खोटं बोलतात, त्याचा त्या मुलाशी बहुतेक वेळा काही संबंधच नसतो. कुणी कर्ज लपवत असतं, कुणी आजार, कुणी नको तिथं जुळलेलं नातं. मुलाचं वाईट व्हावं असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटत नाही, उलट तीच माणसं टॉर्च घेऊन शोधायला बाहेर पडलेली असतात. पण प्रत्येकानं आपल्यापुरता एक तुकडा मागे ठेवलेला असतो. मग पोलिसांचं जे चित्र तयार होतं त्यात नेमक्या त्या जागा कोऱ्या राहतात आणि त्या भरेपर्यंत वेळ निघून जातो.

मी लालबाग-चिंचपोकळी भागातल्या चाळीत वाढले. गिरणी संपाच्या नंतरची ती वर्षं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाखांच्या घरात गिरणी कामगार उतरले होते आणि आमच्या मजल्यावरच्या किती घरांतली चूल त्यामुळे विझत आली होती, हे लहान असूनही आम्हाला समजत होतं. बेकारी लपवायची सोय नव्हती, कारण ती सगळ्यांचीच होती. बाप्ये गॅलरीत बसून असायचे, बायका खानावळीचे डबे करायच्या. चाळीत काही झाकून राहात नाही असं मोठी माणसं म्हणत आणि आम्हा मुलांना ते पटायचंही. कुणाकडे आज डाळीत फोडणी पडली नाही, हेसुद्धा शेजारी वासावरून कळायचं.

त्या काळात खालच्या मजल्यावरचा एक सहा-सात वर्षांचा मुलगा एका दुपारी दिसेनासा झाला. आधी त्याची आई कॉमन गॅलरीच्या टोकाला उभी राहून हाका मारत राहिली. नंतर शेजारच्या खोल्या झाल्या, गच्ची झाली, नळाजवळची पाण्याची टाकी झाली. टाकीत वाकून बघणाऱ्या माणसाचं तोंड मला अजून आठवतं. मग पोरं सायकली काढून निघाली, कुणी चिंचपोकळी स्टेशनवर गेलं, कुणी भायखळ्याच्या बाजाराकडे. दोघंजण पोलीस चौकीत गेले, त्यांना रात्रीपर्यंत वाट बघा, पोरगं येईल आपणहून, असं सांगून परत धाडलं. चाळीतल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी गल्ल्या वाटून घेतल्या. माझी आई त्या मुलाच्या आईला धरून बसली होती. आम्हाला मात्र सगळ्यांनी कोंबड्यांसारखं एका खोलीत कोंडलं होतं.

वरच्या मजल्यावर एक काका राहायचे. गिरणीत नसलेल्या थोड्या लोकांपैकी एक, कुठल्याशा खासगी कंपनीत कारकून. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा, सकाळी ठरलेल्या वेळी जिना उतरायचे. नोकरी टिकलेला माणूस म्हणून चाळीत त्यांना मान होता, लोक अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडे जायचे. संध्याकाळी तेही आले आणि न जेवता शोधायला निघाले. रात्र पडल्यावर परत आले ते सरळ आमच्या शेजारच्या आजींकडे गेले. आजींजवळ त्यांनी काय सांगितलं ते मला कितीतरी वर्षांनी, आईच्या तोंडून कळलं.

त्यांची नोकरी काही महिन्यांपूर्वीच गेली होती. घरी सांगितलं नव्हतं. सकाळी डबा घेऊन निघायचे ते राणीच्या बागेत जाऊन बसायचे, संध्याकाळपर्यंत. त्या दुपारी तो मुलगा त्यांना बागेत दिसला होता, कुठल्यातरी अनोळखी पोरांच्या घोळक्यात, हत्तीच्या बाजूला. त्यांना वाटलं, हा आपल्याला बघेल आणि घरी जाऊन सांगेल, म्हणून ते झाडामागे सरकले. मुलाबरोबर घरचं कुणीतरी असेलच, अशी मनाची समजूत घातली. घरी आल्यावर आकांत दिसला. तेव्हा बोलायचं तर ऐन दुपारी तुम्ही राणीच्या बागेत कसे, हा प्रश्न येणार. ते शोधायला बाहेर पडले ते एकटेच तडक बागेकडे. बाग बंद झाली होती.

आजी उठल्या, खाली गेल्या, आणि पोरगा बागेकडे गेला असेल, तिकडच्या चौकीत विचारा, एवढंच म्हणाल्या. तुम्हाला कसं ठाऊक, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा त्या त्याच्यावरच खेकसल्या म्हणे. मुलगा भायखळ्याच्या बाजूलाच एका चौकीत बाकावर झोपलेला सापडला. कुणीतरी त्याला रडताना बघून तिथं आणून सोडलं होतं. काकांचं नाव शेवटपर्यंत बाहेर आलं नाही.

त्या काकांना दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही. त्यांच्या पुढ्यात एका बाजूला घरच्यांचा विश्वास होता, सगळ्या चाळीत टिकवलेली पत होती आणि दुसऱ्या बाजूला एक शक्यता, की पोरगं अजून हरवलेलंच असेल. माणूस खात्रीचं नुकसान टाळायला बघतो. पण दुपार ते रात्र एवढा वेळ एका सहा वर्षांच्या पोरानं कसा काढला असेल, हेही माझ्या डोक्यातून जात नाही. लपेनाबाईंची कादंबरी वाचताना मला सारखे ते झाडामागे सरकलेले काका दिसत होते. त्यांना खलनायक केलं असतं तर गोष्ट खोटी झाली असती.

अर्ध्या अर्ध्या तासानं बघून येण्याचा तपशील वाचून बऱ्याच वाचकांना २००७ सालची पोर्तुगालमधली घटना आठवते. ३ मे च्या रात्री प्राया दा लुझ या समुद्रकाठच्या गावातल्या रिसॉर्टमधून मॅडलिन मॅकॅन ही चार वर्षं पूर्ण व्हायला काही दिवस उरलेली मुलगी नाहीशी झाली. आईवडील त्याच आवारातल्या रेस्टॉरंटात मित्रांबरोबर जेवत होते आणि मुलं झोपली आहेत ना हे अधूनमधून येऊन पाहात होते. मुलगी आजतागायत सापडलेली नाही. या प्रकरणातल्या आईवडिलांवर जगानं काय काय लिहिलं ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्याच गावातल्या दुसऱ्या एका माणसाबद्दल सांगायचंय. त्याचं घर त्या जागेच्या अगदी जवळ होतं. त्याला इंग्रजी आणि पोर्तुगीज दोन्ही यायच्या, म्हणून तो आपणहून पुढे झाला, पोलिसांना दुभाषाचं काम करून देऊ लागला. हा सारखा इथंच का घुटमळतो, असा संशय एका पत्रकाराला आला, तिनं तो बोलून दाखवला आणि थोड्याच दिवसांत पोलिसांनी त्याला अधिकृत संशयित केलं. वर्षभराहून जास्त काळ तो शिक्का त्याच्या कपाळी राहिला. २००८ च्या जुलैत तो पुसला गेला आणि ब्रिटनमधल्या वृत्तपत्रांच्या एका मोठ्या गटाला त्याची माफी मागून भरपाई द्यावी लागली.

म्हणजे गप्प बसलेला शेजारी जसा नडतो, तसा पुढे सरसावलेला शेजारी मरतो. हे एकदा बघितलेली माणसं पुढच्या वेळी तोंड उघडतील अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करायची? लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसालाही गप्प बसणंच शहाणपणाचं वाटावं, अशी वेळ आपणच आणतो.

आपल्याकडे संशयाची धाव बहुतेक करून परक्याकडे असते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. ती भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली माणसं, मंगळवेढ्याच्या बाजूनं पोटासाठी फिरत आलेली. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव पोहोचल्या होत्या. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं गेलं. तिथं जमलेल्यांपैकी किती जणांचं मूल त्या दिवशी हरवलं होतं? एकाचंही नाही. पळवणारा हा बाहेरून, झोळी घेऊन येणार, ही आपल्या मनातली आकृती इतकी पक्की आहे की तिच्यापुढे डोळ्यांसमोरचं माणूस दिसत नाही.

आणि मग अंधेरीची ती मुलगी. तिचं नाव मी लिहीत नाही, वर्तमानपत्रांनी तिला ‘मुलगी नंबर १६६’ म्हटलं होतं. डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्याकडे २००८ ते २०१५ या काळात १६६ मुली हरवल्याच्या तक्रारी आल्या. त्यातल्या १६५ त्यांनी शोधून काढल्या. राहिली ती एक. सात वर्षांची, २२ जानेवारी २०१३ ला शाळेच्या वाटेवरून नाहीशी झालेली. २०१५ मध्ये भोसले निवृत्त झाले तरी तिचा फोटो खिशात घेऊन विचारत राहिले. ४ ऑगस्ट २०२२ ला ती आपल्या घरच्यांना भेटली, सोळा वर्षांची होऊन. पोलिसांनी सांगितलं त्यानुसार एका निपुत्रिक जोडप्यानं तिला नेलं होतं. मधे काही काळ तिला कर्नाटकात ठेवलं, पुढे त्यांना स्वतःचं मूल झालं आणि तिच्या वाट्याला कामं आणि मार आला. सापडली तेव्हा ती आईच्या घरापासून सुमारे पाचशे मीटरवर राहात होती. तिचे वडील मात्र ती परत येण्याच्या काही काळ आधीच गेले होते.

पाचशे मीटर म्हणजे एक किराणा दुकान, एक इस्त्रीवाला, एक दूधवाला. त्या घराच्या दोन्ही बाजूंना खोल्या असणार, खोल्यांत माणसं असणार. पोरीला कुणाशी बोलू देत नाहीत, हे कुणाच्याच नजरेला आलं नसेल, हे मानायला मी तयार नाही. दिसलं असेल आणि त्यांच्या घरातलं आहे, आपण कशाला पडा, म्हणून सोडून दिलं असेल. मार खाणारं मूल त्याच घरचं आहे असं एकदा धरलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न विचारायची पद्धत नाही. माझ्या मते ती मुलगी नऊ वर्षं दडून राहिली ती याच सवयीच्या आडोशाला.

तिला बाहेर काढलं तेही आसपासच्याच माणसानं. ती मूल सांभाळायच्या कामाला जायची तिथं घरकाम करणाऱ्या एका बाईला तिनं आपली हकीकत सांगितली. त्या बाईनं ऐकून सोडून दिलं नाही. दोघींनी मिळून मोबाइलवर मुलीचं नाव आणि ती हरवल्याचं साल टाकून शोधलं, तर २०१३ मधलं पोस्टर निघालं. पोस्टरवरच्या नंबरांपैकी एकच लागला, आणि तो होता त्या कुटुंबाच्या शेजाऱ्याचा. नऊ वर्षांपूर्वी आपला नंबर पोस्टरवर टाकू देणारा आणि तो नंबर न बदललेला एक शेजारी. धुण्याभांड्याच्या कामावर पोट असलेल्या बाईला अशा भानगडीत पडून काम जाण्याचं, पोलिसांच्या चकरा मारण्याचं भय नव्हतं असं कसं म्हणायचं? तिनं फोन लावला.

पोलिसांचा वाट बघा हा सल्ला मधल्या काळात तरी कागदावर बंद झाला. नोएडातल्या निठारीत २००६ च्या डिसेंबरात मुलांचे सांगाडे निघाले, तेव्हा किती तरी आईबाप आधीपासून तक्रारी घेऊन फिरत होते हे समोर आलं. पुढे ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १० मे २०१३ ला सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि त्याला पळवलंय किंवा विकलंय असंच धरून तपास सुरू करायचा. ‘१०९८’ हा मुलांसाठीचा फोन नंबर तर १९९६ पासून आहे, आणि त्याची सुरुवात मुंबईतच झाली. पोलिसानं वेळ घालवू नये म्हणून नियम करता येतो. शेजाऱ्यानं घालवू नये म्हणून काय करायचं, याचा कायदा नाही आणि होऊही शकत नाही.

आता मी ज्या सोसायटीत राहते तिथं गेटवर, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये कॅमेरे आहेत. डबा पोहोचवणारा मुलगा किती वाजता आत आला आणि किती वाजता गेला, त्याची नोंद होते. नव्या आईबापांना त्यानं निर्धास्त वाटतं आणि वाटू दे, मला त्यांची चेष्टा करायची नाही. पण हे सगळे डोळे बाहेरून येणाऱ्यावर आहेत. फ्लॅटचं दार लावलं की आतलं कुणाला ऐकूही जात नाही. चाळीत निदान भिंत पातळ होती.

मराठीत अशी एक कादंबरी कुणीतरी लिहावी असं मला फार मनापासून वाटतं. रहस्यकथेची आपल्याकडे जुनी आणि वाचकप्रिय परंपरा आहे, पण तीत गुन्हा शोधायला बाहेरून कुणी हुशार माणूस येतो. मला हवीय ती सोसायटीच्या आतल्या माणसांची गोष्ट. ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा पुण्यात वाकडला एखादा वीस मजली टॉवर घ्या. संध्याकाळी खेळायला गेलेली मुलगी वर येत नाही. सातव्या मजल्यावरच्या जोडप्याचा घटस्फोट सहा महिन्यांपूर्वी झालाय आणि ते दोघांच्या आईवडिलांपासून लपवून एकाच घरात राहताहेत. सेक्रेटरीनं कॅमेऱ्याच्या देखभालीचे पैसे खाल्लेत, त्यामुळे जिन्यातला कॅमेरा बंद आहे आणि ते त्याला एकट्यालाच माहीत आहे. वॉचमन ड्यूटीच्या वेळात समोरच्या बिल्डिंगमध्ये गाड्या धुवायला जातो. एका आजोबांना विसरायला होतंय, ते घरच्यांच्या नजरेला आलंय, पण धाकट्या मुलीचं लग्न ठरेपर्यंत बाहेर बोलायचं नाही असं ठरलंय, आणि मुलीला शेवटचं पाहिलं ते त्या आजोबांनी. बाराव्या मजल्यावरच्या ताईंची मैत्रीण दुपारपासून घरी होती, तिनं गॅलरीतून सगळं बघितलंय, पण ती मैत्रीण आहे एवढंच शेजाऱ्यांना सांगून ठेवलेलं आहे.

यातलं कुणीही वाईट नाही, सेक्रेटरी सोडला तर. लेखकानं कलाटण्यांचा सोस न धरता पहिले दोन तासच लिहावेत, मिनिटामिनिटानं. क्लब हाउसमध्ये सगळे जमलेत, मुलीची आई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतेय, पोलिसांना फोन झालाय, ग्रुपवर मुलीचा फोटो फिरतोय, खाली हात जोडल्याची चित्रं टाकली जाताहेत. आणि बाराव्या मजल्यावरच्या त्या ताई लिफ्टचं बटण दाबतात, मैत्रिणीला म्हणतात, चल, तू पाहिलंस ते आत्ताच्या आत्ता खाली जाऊन सांगू, आणि कोण कुठली विचारलं तर मी सांगेन.

तिथून पुढे त्या ताईंचं त्या इमारतीत काय होतं, ते मला वाचायचंय.